पहिल्या घासाचे मानकरी

पुंडलिकनगरात एखादी गोष्ट गुपित ठेवायची म्हटली तर ती साधारण दुपारच्या चहापर्यंत टिकते. आप्पासाहेबांचं गुपित तेवढंही टिकलं नाही, कारण त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवली होती.

खिडकीकडे यायला अजून थोडा अवकाश आहे. आधी आप्पासाहेब.

ते एका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले. घरात सगळ्यांचं त्यांच्यावर प्रेम होतं, भरवसा मात्र कुणाचाच नव्हता. त्यांनी गॅस बंद केला की मागून कुणीतरी जाऊन तो बंद आहे ना, ते पाहून येई. नात ईश्वरी झाल्यापासून तिला त्यांच्या मांडीवर देत असत, पण देणाऱ्याचे हात खालून निघत नसत. लोकांचं आपल्याबद्दलचं मत साधारण बरोबरच असणार, असं आप्पासाहेबांना मनातून वाटे.

सून प्रतिभा एका पतसंस्थेत नोकरीला होती. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. आप्पासाहेबांच्या पत्नी द्वारकाबाई नेमक्या लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला जाऊन बसल्या होत्या. म्हणजे दिवसभर घरात उरणार आप्पासाहेब आणि ईश्वरी. एका रात्री जेवताना मुलगा उमाकांत म्हणाला की, गजानन महाराज मंदिराजवळ एक चांगलं पाळणाघर आहे, आप्पांना उगीच कशाला त्रास. इतक्या प्रेमानं केलेला अपमान परतवता येत नाही. आप्पासाहेबांनी ताकाचा पेला उचलला आणि तोंडाला लावून बराच वेळ खाली ठेवला नाही.

प्रतिभा मात्र न्यायी बाई. ती म्हणाली, "पोरगी अजून दुधावरच आहे, म्हणून प्रश्न आहे. मी जायच्या आत नीट खायला लागली, तर राहील आप्पांजवळ. नाहीतर पाळणाघर."

त्या रात्री आप्पासाहेबांना झोप लागली नाही. आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्यांच्यासाठी 'तर' म्हटलं होतं.

डॉक्टरांनी खायला द्यायला सांगितलंच होतं. अडचण होती ती उष्टावणाची. बाळाचा पहिला घास मामाच्या हातचा, हा आमच्याकडचा रिवाज. मुलगी असेल तर विषम महिन्यात. द्वारकाबाईंनी नाशकाहून फोनवर फर्मान काढलं की, मामाचा घास पडल्याशिवाय पोरीच्या तोंडात अन्नाचा कण जाता कामा नये. सातवा महिना चालू आहे, तो हुकला तर थेट नववा. उमाकांतला हे पटत नव्हतं, पण आईला ते सांगण्याइतकं ते न पटणं जोरदार नव्हतं. प्रतिभा गप्प राहिली, कारण मान तिच्या भावाचा होता. आणि नववा उजाडेपर्यंत ईश्वरी पाळणाघरात कधीच रुळली असती.

प्रतिभाचं माहेर सोयगावचं. तिचा भाऊ बद्रीनाथ तिथं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. शिकवणं सोडून बाकी सगळी कामं सरकारनं त्याच्यावर सोपवलेली होती. एका रविवारी तो येणार म्हणून आप्पासाहेब दाढी करून बसले, तर त्याला मतदार यादीच्या कामाला लावलं. पुढच्या रविवारी पोलिओचे डोस. त्याच्या पुढच्या रविवारी, गावात कुणाकडे संडास आहे आणि असलेला कोण वापरतो, याची पाहणी. दर वेळी तो फोनवर म्हणे, "आप्पा, येत्या रविवारी पक्कं." आणि आप्पासाहेब म्हणत, "काही हरकत नाही." हरकत सगळी त्यांचीच होती.

हातावर हात ठेवून बसणं त्यांना जमेना. त्यांनी आपल्याला जे येत होतं ते केलं, म्हणजे पुस्तकं आणली. एका पुस्तकात नाचणीपासून सुरुवात करा असं होतं, दुसऱ्यात नाचणी तूर्त नको असं होतं. तिसरं एका वैद्यांचं होतं, त्यात वैद्यांच्या चरित्रापलीकडे काही नव्हतं. सगळ्यांचं एकमत एवढ्यावरच होतं की भरवणं ही सरावाची गोष्ट आहे. आता सराव करायचा कुणावर? ईश्वरीला मामाच्या आधी भरवणं म्हणजे नाशिकशी युद्ध. मग त्यांनी उशी घेतली.

प्रतिभा दुपारी बाळाला घेऊन आतल्या खोलीत निजली की ते उशी पिठाच्या डब्याला टेकवून बसवत, तिच्या गळ्याला लाळेरं बांधत आणि वाटीत मऊ भात कालवून समोर बसत. उशीला तोंड काढावं का, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता. पण खोळ पांढरी होती आणि द्वारकाबाई कधीतरी परत येणार होत्या. चमचा खालच्या ओठाच्या जागी टेकवायचा, थांबायचं, घाई करायची नाही, मग मागे घ्यायचा. वाटीतला भात वाया जाऊ नये म्हणून आप्पासाहेब तो स्वतःच खात. दोन-चार दिवसांत त्यांचा हात बऱ्यापैकी बसला आणि पोट बऱ्यापैकी बिघडलं.

समोरच्या चतुराबाई वाटी परत द्यायला आल्या त्या अशाच एका दुपारी. खिडकीतून त्यांनी पाहिलं. आप्पासाहेब उशीला सांगत होते, "खा गं बाळा. आई आता ऑफिसला जाणार. तुला मी आणि मला तू. नको? बरं, थांबू."

चतुराबाईंनी वाटी कठड्यावर ठेवली आणि चपला हातात घेऊन त्या परत गेल्या.

चहाची वेळ व्हायच्या आतच गल्लीला कळलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाताना उशीच्या जागी द्वारकाबाईंचा फोटो आला. मग लोक आप्पासाहेबांशी फार चांगले वागू लागले. दूधवाला हळू आणि मोठ्यानं बोलू लागला. कुणी माथ्याला लावायला तेल आणून दिलं. सगळ्यांत वाईट म्हणजे तात्यासाहेब. हे महसूल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, गल्लीतले स्वयंघोषित अध्यक्ष. त्यांनी संध्याकाळी फिरताना आप्पासाहेबांना गाठून सहज विचारल्यासारखं केलं की, आज वार कुठला हो? आप्पासाहेब निवृत्त माणूस. त्यांना खरोखरच आठवेना. ते प्रामाणिकपणे विचार करत उभे राहिले आणि तात्यासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

प्रतिभाच्याही कानावर गेलंच असणार. दुसऱ्या दिवशी ओट्यावर एक नवा, छोटा, झाकणाचा डबा दिसला. त्यावर ईश्वरीचं नाव कोरून आणलेलं होतं. पाळणाघरात न्यायचा डबा. घरच्या घरी खाणाऱ्याला कुणी डब्यावर नाव घालून देत नाही, एवढं आप्पासाहेबांना कळत होतं.

त्याच संध्याकाळी चतुराबाई भेटायला आल्या. आजाऱ्याला भेटायला यावं तशा, पदर नीट घेऊन. "वाईट वाटून घेऊ नका आप्पासाहेब," त्या म्हणाल्या, "माणूस एकटा पडला की व्हतं असं."

आप्पासाहेबांनी मग सगळं सांगून टाकलं. मामा, महिना, पुस्तकं, सराव. चतुराबाईंना हे खरं कारण आधीच्यापेक्षा जास्तच काळजीचं वाटलं असावं. पण बाई व्यवहारी. त्या म्हणाल्या, "मामाच पाह्यजे ना? मग सख्खाच कशाला? लेक ज्या गावची, त्या गावचा कोणताबी गडी तिचा भाऊच. तो लेकराचा मामा. आमच्या नणंदेच्या पोराला तर गावच्या पोस्टमननं भरवलं."

नाशिकला फोन लागला. द्वारकाबाईंनी चतुराबाईंशी गावाकडच्या दाखल्यांवर बराच वेळ चर्चा केली आणि मंजुरी दिली. अट एकच. माणूस सोयगावचाच हवा. फर्दापूरचा चालणार नाही, सिल्लोडचा तर नाहीच.

आता पुंडलिकनगरात सोयगावचा माणूस शोधायचा, म्हणजे अनोळखी लोकांना थांबवून 'तुमचं गाव कोणतं' असं विचारायचं. आप्पासाहेबांना आजवर दूधवाल्याला 'दूध पातळ का' एवढंही विचारता आलं नव्हतं. त्यांनी वाट काढली. पिठाच्या गिरणीवर सगळ्या गावचे लोक येतात, तिथं जाऊन बसायचं. पण रिकाम्या हातानं गिरणीवर बसणं त्यांना बरं दिसेना. म्हणून ते दळण घेऊन जात. दळण होई, प्रश्न ओठावर येई, आणि ते पीठ घेऊन परत येत. गहू संपले तेव्हा ज्वारी नेली. ज्वारी संपली तेव्हा बाजरी. घरात बसायला जागा कमी पडू लागल्यावर गिरणीवाल्या फकिरानंच विचारलं, "क्या साहेब, घरात शादी निकली क्या?"

तेव्हा कुठं आप्पासाहेबांच्या तोंडून सोयगाव बाहेर पडलं. फकिरा म्हणाला, "मग पहिल्या दिवशीच सांगायचं ना. पलीकडं नवी बिल्डिंग चाललीय, तिथला वॉचमन सोनाजी सोयगावचाच आहे."

सोनाजी वाळूच्या ढिगाजवळ बसला होता. आप्पासाहेबांनी रिवाजाचं मूळ, त्यामागची समाजरचना, असं लांबून बोलायला सुरुवात केली. सोनाजीनं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे मला भाची झाली म्हणा की." मग त्यानं बाळाची आई सोयगावात कुणाची लेक ते विचारलं. पुंजाराम पाटलांची, म्हटल्यावर तो उभाच राहिला. "लई दिस आमची मेंढरं त्यांच्या रानात बसायची. लेंडीखताला. आता मेंढरं नायत, सिमेंटच्या गोण्या राखतो. येतो की. का नाय येणार."

आप्पासाहेब हलके होऊन घरी आले, तर दारात तात्यासाहेब. ते दुखावलेले होते. सोयगावात त्यांनी तलाठी म्हणून नऊ वर्षं काढली होती आणि शेजारी असून आपला विचारच झाला नाही, हे त्यांना लागलं होतं. शिवाय सोनाजीचा दावा त्यांना तपासून घ्यावासा वाटत होता. त्याची वस्ती गावठाणात येते की शिवारात? शिवारात असेल तर तो रीतसर सोयगावचा कसा? आप्पासाहेबांनी भीत भीत विचारलं की, बदलीनं गेलेला माणूस तरी गावचा कसा. तात्यासाहेब म्हणाले की, पंधरा वर्षं राहिल्यावर रहिवासी दाखला मिळतो, नऊ वर्षं म्हणजे निम्म्याहून अधिक झाली. आप्पासाहेब म्हणाले, "या ना तुम्हीही." तात्यासाहेब ती नेमणूकच समजले.

रविवार ठरला. एक गोष्ट तेवढी राहिली. बद्रीनाथला कुणी कळवलंच नाही. उमाकांतला वाटलं प्रतिभानं सांगितलं, प्रतिभाला वाटलं आप्पांनी सांगितलं. आणि आप्पासाहेब, मामाला न दुखावता बदली मामाची बातमी कशी द्यावी, याचं वाक्य बुधवारपासून मनात जुळवत होते. वाक्य रविवारी सकाळपर्यंत जवळजवळ झालं होतं.

पाट मांडला, रांगोळी काढली, चांदीच्या वाटीत खीर आली. खिरीत बुडवून चाटवायला सोन्याची अंगठी. सोनाजी धुतलेलं धोतर आणि टोपी घालून आला होता. बायकोनं माहेराहून आणवलेली एक लहानशी घोंगडी भाचीसाठी त्याच्या काखेत होती. ठेकेदाराकडून त्यानं अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती. तात्यासाहेब सफारी घालून, शाल घेऊन हजर होते. शाल कुणाला द्यायची की कुणाकडून घ्यायची, हे त्यांनी स्पष्ट केलं नव्हतं. चतुराबाईंनी सकाळपासून वरण-बट्टीचा घाट घातला होता. आप्पासाहेबांना मधुमेहाच्या गोळीमुळे वेळेवर खावं लागे, म्हणून त्यांच्यापुढे वरण-भाताची ताटली आधीच आणून ठेवली होती. पाहुण्यांदेखत एकट्यानं जेवायचं कसं, म्हणून ते ती तशीच शेजारी ठेवून बसले होते.

सोनाजीनं अंगठी उचलली आणि फाटक वाजलं. बद्रीनाथ दारात उभा. घामेजलेला, गळ्यात ओळखपत्र. सरकारनं त्याला कसल्याशा प्रशिक्षणासाठी नेमकं याच शहरात पाठवलं होतं आणि जेवणाच्या सुट्टीत तो भाचीला घास भरवून, सगळ्यांना चकित करून परत जाणार होता. चकित तो एकटाच झाला. त्यानं पाट पाहिला, अंगठी पाहिली, अंगठी धरलेला हात पाहिला.

"झालं का उष्टावण?" तो बहिणीकडे न बघता म्हणाला. "बरं झालं. मला तशी घाईच आहे."

सासर-माहेरच्या मधली शांतता ज्यांनी ऐकली आहे त्यांना ती सांगायला नको. प्रतिभाचे डोळे भरले. उमाकांत पंख्याकडे बघू लागला. तात्यासाहेब खाकरले आणि त्यांनी निकाल दिला, "मूळ पदावरचा इसम हजर झाला की प्रभारी आपोआप कार्यमुक्त होतो. नियम आहे."

सोनाजीनं अंगठी वाटीत ठेवली. "बरोबर हाय," तो म्हणाला. "सख्खं ते सख्खं." आणि घोंगडी तशीच काखेत घेऊन, कुणाच्या लक्षात येणार नाही इतक्या बेतानं तो उठू लागला.

आप्पासाहेबांच्या ते लक्षात आलं. तसं उठणं त्यांच्या ओळखीचं होतं. राहू द्या आप्पा, मी करते, असं कुणी म्हटलं की ते स्वतः तसेच उठत. आपण सहज इथून चाललो होतो, असा चेहरा करून.

"सोनाजी, बसा," ते म्हणाले. "पहिला घास बद्रीनाथचा, दुसरा तुमचा. प्रतिभाच्या गावाहून दोन भाऊ आले तर त्यात बिघडलं काय?"

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. वाक्याच्या सुरुवातीला 'म्हणजे मला आपलं असं वाटतं' नव्हतं. आप्पासाहेबांनाही ते जाणवलं. पण वाक्य बाहेर पडून गेलं होतं.

बद्रीनाथनं सोनाजीकडे आता नीट पाहिलं. "बिरूदादाचा सोनाजी का तू? तुझ्याच मेंढरांनी आमची तूर खाल्ली होती."

"खाल्ली नाय," सोनाजी म्हणाला. "नुसती चाखली."

प्रतिभा डोळे पुसता पुसता हसली आणि घरात पुन्हा वारा खेळू लागला.

यानंतर उष्टावण सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण या सगळ्यात ईश्वरीचं मत कुणी घेतलं नव्हतं. बद्रीनाथनं अंगठीनं खीर तिच्या ओठाला लावली. तिनं ती तोंडात घेतली, नीट तपासली आणि त्याच्या ओळखपत्रावर परत केली. सोनाजीचा घास त्याच्या धोतरावर आला. तात्यासाहेबांनी, मागणी नसताना, तिसरा घास पुढे केला. तो तर तिनं आतच घेतला नाही. ओठ मिटून ती त्यांच्याकडे असं पाहू लागली की त्यांना आपला वरिष्ठ अधिकारी आठवला असावा. चतुराबाई म्हणाल्या, नाक दाबा. प्रतिभा म्हणाली, कुणी हात लावून तर बघा. उमाकांतनं गाणं म्हटलं, त्यावर ती रडली. बद्रीनाथनं तिला चौथीतल्या मुलासारखं समजावून सांगितलं. खीर गार झाली. रजेचे शेवटचे दिवस आणि ओट्यावरचा तो डबा आप्पासाहेबांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

तेवढ्यात गल्लीतून हाक आली, "नळ आले हो."

आमच्या शहरात नळाचं पाणी तिऱ्हाईत पाहुण्यासारखं येतं, किती दिवसांनी ते सांगत नाही आणि थांबत तर नाहीच. त्यापुढे उष्टावण, मामा, महिना, सगळं झूट. क्षणात घर रिकामं झालं. चतुराबाई आपल्या मोटरीकडे पळाल्या. बद्रीनाथ आणि सोनाजी, दोन्ही मामा, बादल्या घेऊन धावले. तात्यासाहेब नळी धरून हुकूम सोडू लागले. "आप्पा, धरा जरा," असं म्हणून प्रतिभानं पोरगी त्यांच्या मांडीवर टाकली आणि ती निघूनही गेली. या वेळी खाली कुणाचे हात नव्हते.

आप्पासाहेब आणि ईश्वरी एकमेकांकडे बघत राहिले. मग तिनं नजर वळवली. शेजारी ताटली होती. तिनं वरण-भातात मूठ घातली. मूठ दाबली. बोटांच्या फटींतून भात कसा बाहेर येतो ते पाहिलं आणि उरला तो तोंडात नेला.

एकाही पुस्तकात हे नव्हतं. आता काय म्हणतात? आ कर म्हणायचं की थांब म्हणायचं? काही बोललो आणि ती थांबली तर? त्यांनी फक्त ताटली थोडी जवळ धरली. ती दुसऱ्यांदा वाकली. तिसऱ्यांदा. काही भात तोंडात जात होता, काही केसांत, बराचसा आप्पासाहेबांच्या सदऱ्यावर. पण ती गिळत होती. घशाशी होणारी ती बारीक हालचाल ते डोळे फाडून बघत होते. त्यांच्या पायाला मुंग्या आल्या तरी ते हलले नाहीत.

प्रतिभा ओला पदर पिळत आत आली आणि उंबऱ्यावरच थांबली.

"मी दिलं नाही," आप्पासाहेब घाईनं म्हणाले. मामा नाही, खीर नाही, अंगठी नाही, साधा चमचासुद्धा नाही. महिनाभराची सगळी मेहनत आपल्या हातून वरणात गेली, असं त्यांना वाटत होतं. "खरंच. तिनंच घेतलं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काही नाही."

प्रतिभानं दोघांकडे पाहिलं. त्यांच्या जागी आपण असतो तर आपल्याला असं काही न करणं जमलं नसतं, हे तिच्या ध्यानात आलं असावं. निदान आपण असं समजायला हरकत नाही.

"रोज हेच करायचं आप्पा," ती म्हणाली. "मी त्या पाळणाघरवाल्या बाईंना नाही म्हणून सांगते."

"आणि नाशिकला काय सांगायचं? पहिला घास कुणाचा?"

"मामाचा. दोघांनी ओठाला लावलाय की. पोरीनं थुंकला तर तो मामांचा दोष नाही."

ती फोन करायला आत गेली. बाईंशी काय बोलणं झालं ते आप्पासाहेबांना ऐकायचं होतं, पण ऐकू आलं नाही. एकतर बाहेर मोटरींचा आवाज, आणि इकडे ताटली संपली होती. ईश्वरीनं ताटलीच्या तळात पाहिलं, मग आप्पासाहेबांकडे पाहिलं आणि ताटलीवर दोन्ही हात आपटून असा सूर लावला की भिंतीवरची पाल पळाली.

आप्पासाहेब उभ्या जन्मात कुठल्याही पंगतीत मागून जेवले नव्हते. वाढपी पुढे निघून गेला की ते लोणच्याच्या फोडीशी खेळत बसत आणि अर्धपोटी उठत. आज त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि असा आवाज दिला की बाहेर तात्यासाहेबांच्या हातातली नळी टाकीतून सुटून त्यांच्याच सफारीवर फिरली.

"भात आणा. लवकर आणा. आमचं पान रिकामं आहे."